सर्दी ताईची, धाप धाकट्याची

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. आठ महिन्यांचा असताना साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत त्याला श्वास घेता येईना. ब्राँकिओलायटिस (बारीक श्वासनलिकांना सूज) झालाय असं सांगून त्याला भरती करून घेतलं, तीन दिवस ऑक्सिजन लावला. तपासणीत आरएसव्ही नावाचा विषाणू निघाला. तेव्हापासून त्याची एकही सर्दी नाकात थांबलेली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोकला, मग छातीत घरघर. गेल्या वर्षभरात तीनदा नेब्युलायझर द्यावा लागला, एकदा तर मध्यरात्री धावपळ झाली. (बाकी तब्येत चांगली. तान्हा असताना कोपरांच्या लवणीत इसब होतं, तेवढंच.) आता डॉक्टर बालदमा म्हणतात आणि रोज दोन वेळा पंप द्यायला सांगतात. सवय लागेल या भीतीने मी तो अजून सुरू केलेला नाही. सर्दी दर वेळी माझी सात वर्षांची मुलगी शाळेतून आणते. मी तिला वेगळ्या खोलीत झोपवते, भावाला हात लावू देत नाही. परवा तिने विचारलं, ‘आई, त्याला माझ्यामुळे दमा झाला का?’ मला बोलताच आलं नाही. त्या एका विषाणूने माझ्या मुलाला दमेकरी केलं का? त्याची शाळा लांबणीवर टाकू का? — एक आई

उत्तर : लेकीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं थांबू शकतं. नाही, तिच्यामुळे भावाला दमा झालेला नाही. आज झोपवताना तिला हे नीट, शेजारी बसून सांगा. ‘काहीतरीच काय गं’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. सात वर्षांच्या मुलीला वेगळ्या खोलीत झोपवलं की ती आपल्या मनाशी हिशेब मांडते, आणि तो तिने मांडलाय हे तिच्या प्रश्नातच दिसतंय.

आता तुमचा प्रश्न. आरएसव्ही हा विषाणू १९५६ साली पहिल्यांदा सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. वर्षभरात तो तान्ह्या बाळांमध्येही मिळाला आणि मग कळलं की दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळी मुलं त्याच्या तावडीतून एकदा तरी गेलेली असतात. तुमची मुलगीही गेली असणार. चार दिवस नाक वाहिलं असेल, दोन रात्री किरकिर झाली असेल, तुम्ही विसरूनही गेला असाल. नुसत्या या विषाणूने दमा होत असता तर आपल्यापैकी कुणीच सुटलं नसतं. म्हणून विषाणूने काय केलं याच्या जोडीला आणखी एक गोष्ट विचारावी लागते : याच बाळात तो नाकातून छातीत का उतरला?

एक कारण अगदी साधं, मापाचं आहे. बाळाच्या टोकाकडच्या श्वासनलिका मिलिमीटरहूनही बारीक असतात. आरएसव्ही त्यांच्या आतल्या अस्तरात शिरतो, पेशी मरून गळतात, सूज येते, चिकट कफ साचतो. नळी थोडी अरुंद झाली की अडथळा थोडाच वाढतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. मोठ्या माणसाचा खोकला आणि तुमच्या बाळाचा ऑक्सिजन यांतला बराचसा फरक या गणितात आहे. काही बाळांच्या नळ्या तर जन्मतःच जरा जास्त अरुंद असतात. अमेरिकेत टूसॉन इथे १९८० पासून मुलांच्या एका मोठ्या गटाचा पाठपुरावा होत आला. तिथे असं दिसलं की सुरुवातीची दोन-तीन वर्षं घरघर होऊन पुढे बरी झालेल्या मुलांची फुप्फुसं पहिल्या आजारपणाच्या आधीपासूनच थोडी कमी क्षमतेची होती. म्हणजे विषाणूने नळी अरुंद केली असं नव्हे, आधीच अरुंद असलेली नळी त्याने उघडी पाडली. त्याच पाठपुराव्यात आणखी एक गोष्ट दिसली. आरएसव्हीने छाती भरलेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी घरघरीचं प्रमाण जास्त होतं, पण ते वयाबरोबर उतरत गेलं आणि तेराव्या वर्षापर्यंत फरक उरला नाही.

पण आरएसव्ही अगदी निर्दोष आहे असंही मी म्हणणार नाही. नेदरलँड्समध्ये अपुऱ्या दिवसांच्या ४२९ बाळांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. काही बाळांना आरएसव्हीविरोधी अँटिबॉडीची इंजेक्शनं दिली, काहींना नुसतं औषधाविना पाणी. इंजेक्शन मिळालेल्यांमध्ये पहिल्या वर्षातले घरघरीचे दिवस ६१ टक्क्यांनी कमी झाले. विषाणू अडवला आणि घरघर कमी झाली, म्हणजे घरघरीत त्याचा हात होताच. तीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर फुंकर मारून फुप्फुसं मोजली, तेव्हा मात्र दोन्ही गट सारखे. नंतर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या निरोगी, पूर्ण दिवसांच्या मुलांचा अभ्यास आला. पहिल्या वर्षात आरएसव्हीपासून बचावलेल्या मुलांना पाचव्या वर्षी दमा असण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी दिसला. माझं मत विचाराल तर आरएसव्ही तराजूच्या पारड्यात वजन टाकतो, पण पारडं बहुतेक वेळा आधीच एका बाजूला झुकलेलं असतं.

आणि खरं सांगायचं तर तुमच्या मुलाच्या बाबतीत आज माझं लक्ष आरएसव्हीवर नाहीच. ते ऱ्हायनोव्हायरसवर आहे. हा आपल्या रोजच्या सर्दीचा विषाणू, ज्याला आपण ‘काही नाही, व्हायरल आहे’ म्हणून सोडून देतो. त्याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, म्हणूनच एकदा सर्दी झाली म्हणजे पुन्हा होणार नाही असं कधी घडत नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनमध्ये ९ ते ११ वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये छापून आला. त्यात दम्याच्या त्रासाच्या ८० ते ८५ टक्के प्रसंगांत विषाणू सापडला आणि त्यांत सगळ्यांत मोठा वाटा याच महाशयांचा होता. मग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला अभ्यास आला. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या आईवडिलांची बाळं जन्मापासून घेतली, प्रत्येक आजारपणात नाकातला स्राव तपासला. पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसमुळे छातीत घरघर झालेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता जवळपास दहापट निघाली. आरएसव्हीची होती अडीचपटीच्या आसपास.

दहापट हा आकडा वाचून घाबरू नका, कारण त्यापुढचा भाग जास्त कामाचा आहे. त्याच अभ्यासकांनी नंतर क्रम तपासला : आधी अ‍ॅलर्जी की आधी ऱ्हायनोव्हायरसची घरघर? उत्तर निघालं, आधी अ‍ॅलर्जी. ज्या मुलांच्या रक्तात धूळ, प्राण्यांचे केस अशा गोष्टींविरुद्धची आयजीई नावाची, अ‍ॅलर्जीची प्रतिद्रव्यं आधीच तयार झालेली होती, त्यांच्याच छातीत पुढे सर्दी उतरत होती. उलट दिशेचा पुरावा मिळाला नाही.

म्हणून सांगते, तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय. कोपरांच्या लवणीतलं ते इसब.

इसब म्हणजे त्वचेचं कुंपण कच्चं असल्याची खूण. अशा बाळाच्या शरीरात बाहेरचे बारीक कण सहज शिरतात आणि रोगप्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू समजायला शिकते. एकदा हे वळण लागलं की श्वासनलिकेतही तेच चालतं. विषाणू आला की निरोगी अस्तराच्या पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडून आजूबाजूच्या पेशींना सावध करतात. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलात ही हाक उशिरा आणि दबक्या आवाजात जाते. आयजीईने भारलेल्या संरक्षक पेशी इंटरफेरॉन कमी सोडतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. तोवर विषाणू खाली उतरून हातपाय पसरतो. दुसरीकडे, विषाणूने सोललेलं अस्तर धोक्याची जी रसायनं सोडतं ती नेमकी अ‍ॅलर्जीच्याच फौजेला जागं करतात. अ‍ॅलर्जीमुळे सर्दी खाली उतरते आणि उतरलेली सर्दी अ‍ॅलर्जीला खतपाणी घालते. मँचेस्टरमधल्या एका अभ्यासात दम्यासाठी भरती झालेली मुलं बघितली. अ‍ॅलर्जी आहे, ती ज्या गोष्टीची आहे ती घरात भरपूर आहे आणि वर विषाणू आला, असं तिन्ही जुळून आलं तेव्हा भरती व्हावं लागण्याची शक्यता १९ पटींच्या घरात गेली.

थोडी जनुकांचीही गंमत आहे. ऱ्हायनोव्हायरसचा ‘सी’ गट २००६ पर्यंत कुणाला दिसलाच नव्हता, कारण तो नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढतच नाही. पुढे कळलं की ज्या कडीला (एका प्रथिनाला) धरून तो पेशीत शिरतो ती काही मुलांच्या पेशींवर जन्मतःच जास्त संख्येने असते. त्या मुलांना दम्याचे मोठे झटके जास्त येतात. यात आईने काय चुकवलं? काहीही नाही. पत्रात तुम्ही उघड विचारलेलं नाही, पण विचारायचं तेच होतं असं मला वाटलं.

तेव्हा पहिलं काम : मुलाची अ‍ॅलर्जीची तपासणी करून घ्या, त्वचेवर थेंब टाकून टोचायची किंवा रक्तातली, तुमचे डॉक्टर म्हणतील ती. धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांची) निघाली, आणि बऱ्याचदा तीच निघते, तर गादी-उशीला माइट्स न शिरणारी आवरणं घाला, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा, पलंगावरची केसाळ खेळणी हलवा. भिंतीला ओल असेल, बुरशी धरली असेल तर तिचा बंदोबस्त करा. आणि घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर बाल्कनीत जाऊन ओढतो हे उत्तर चालणार नाही. कपड्यांना चिकटून धूर आत येतोच. या एका बाबतीत मी पालकांशी भांडते.

लेकीला वेगळं झोपवणं मात्र आजपासून बंद करा. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं हे सर्वसामान्य आहे, आणि नाक वाहायला लागण्याआधीच ती दुसऱ्याला विषाणू देऊ लागतात. तुम्ही तिला बाजूला काढता तोवर ती भावाशी अख्खा दिवस खेळून झालेली असते. शाळेतून आल्यावर दोघांचे हात साबणाने धुवा, रुमाल वेगळे ठेवा, दरवर्षी फ्लूची लस द्या (दम्याच्या मुलांना ती द्यावीच). एवढ्यावर थांबा.

शाळेचं उत्तर थोडं वाकडं आहे. उत्तरेकडच्या देशांत सुट्टी संपून शाळा उघडल्या की सप्टेंबरात दम्याच्या मुलांची इस्पितळात रीघ लागते, हे दरवर्षी मोजलं जातं. कोविडच्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा मुलांचे झटके ठळकपणे घटले. मग घरीच ठेवावं का? दुसरी बाजू ऐका. जर्मनीतल्या एका पाठपुराव्यात पहिल्या वर्षात ज्यांचं नाक वारंवार वाहिलं त्यांना सातव्या वर्षी दमा कमी आढळला आणि ज्यांच्या छातीत वारंवार संसर्ग उतरला त्यांना जास्त. नाकातल्या सर्दीशी वैर नाही, छातीत उतरणाऱ्या सर्दीशी आहे. शिवाय तुमच्या घरी शाळेचे विषाणू ताईच्या दप्तराबरोबर येतातच, त्याला घरी बसवून तुम्ही फार काही अडवणार नाही. मी असं सुचवेन : पंप सुरू करा, दोन-तीन महिने त्याचा जम बसू द्या, मग शाळा. वर्ष वाया घालवू नका.

आता पंप. ‘सवय लागते’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर चिडणंही सोडलंय. पंप दोन जातीचे असतात. एक त्रास सुरू झाल्यावर नळी मोकळी करणारा, तो गरजेपुरता. दुसरा रोजचा, आतली सूज खाली ठेवणारा, त्यात स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि ते थेट छातीत जातं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलाय तो हा दुसरा, आणि वर्षात इतक्यांदा धावपळ झाल्यावर तो सांगणं रास्त आहे. त्याचं व्यसन लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत येतो तो सूज शिल्लक असल्यामुळे; चष्मा काढल्यावर अंधुक दिसलं तर आपण चष्म्याची सवय लागली म्हणतो का?

दोन खऱ्या गोष्टी मात्र लपवणार नाही. पाच ते तेरा वयाच्या मुलांनी काही वर्षं रोज स्टिरॉइडचा पंप घेतला, तेव्हा मोठेपणी त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. म्हणून डोस जमेल तितका कमी ठेवायचा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. दुसरं, हा पंप दम्याचं मूळ उपटत नाही. दोन-तीन वर्षांच्या २८५ मुलांना दोन वर्षं पंप किंवा औषधाविना पंप देऊन पाहिला. देत होते तोवर त्रास कमी, बंद केल्यावर वर्षभरात दोन्ही गट सारखे. म्हणजे पुढे दमा होईल की नाही हे त्याने ठरत नाही. पण मूल रात्रभर शांत झोपतं, मध्यरात्रीची धावपळ टळते. तुम्हाला आज हवंय ते हेच ना?

स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्क लावूनच द्या. पंप हलवायचा, मास्क नाक-तोंडावर फट न ठेवता बसवायचा, एकदाच दाबायचं, मग नेहमीसारखे आठ-दहा श्वास घेऊ द्यायचे. दुसरा दाब द्यायचा तर अर्धा-एक मिनिट थांबून. दोन दाब एकदम मारले तर औषध स्पेसरच्या भिंतीला जातं. रडत असताना दिला तर फारसं आत पोचत नाही, तेव्हा आधी बाहुलीला मास्क लावून खेळ करा. नंतर चूळ भरायला लावा आणि मास्कखालचा चेहरा पुसून घ्या.

सर्दी लागली की त्या रात्री तो झोपल्यावर सदरा वर करा आणि मंद दिवा लावून पूर्ण एक मिनिट बघत बसा. पोट वर-खाली होताना मोजा. चाळीस किंवा त्याहून जास्त श्वास भरले, बरगड्यांच्या मधली कातडी किंवा गळ्याखालची खाच आत ओढली जात असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे मोकळा करणारा पंप द्या. कोणता, किती दाब आणि किती वेळाने, हे कागदावर आधीच लिहून घ्या आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्या पंपाचा असर तीन-चार तासही टिकत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, पाणी पिता येत नसेल, ओठ निळसर वाटले किंवा मूल गळून गेलं, तर सकाळची वाट बघू नका. आणि एक लक्षात असू द्या : धाप चालू असताना घरघर एकदम थांबली तर ते बरं वाटल्याचं लक्षण नसतं. हवाच पुरेशी आत जात नसेल तर आवाज कुठून येणार? तेव्हा धावतच निघा.

अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही. खोकल्याचं सरबत या वयात न दिलेलंच बरं. पुढेमागे तिसरं मूल हवं असेल तर गरोदरपणात आईला द्यायची आरएसव्हीची लस आणि बाळाला द्यायचं दीर्घकाळ टिकणारं अँटिबॉडीचं इंजेक्शन, दोन्ही २०२३ पासून काही देशांत वापरात आली आहेत. तेव्हा डॉक्टरांना विचारा.

पुढे काय होईल? टूसॉनच्या ८२६ मुलांमध्ये पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्यांपैकी साठेक टक्के मुलं सहाव्या वर्षी मोकळी झाली होती. तुमच्या मुलाला इसब होतं, म्हणून मी त्याला डोळे झाकून त्या साठात धरणार नाही. अ‍ॅलर्जीची तपासणी झाली की आणखी नीट सांगता येईल, तिचा कागद आणि वर्षभरात किती वेळा नेब्युलायझर लागला त्या तारखा घेऊन डॉक्टरांकडे जा.

लेकीला मात्र एक काम द्या. पंप तुम्ही दाबा, श्वास तिला मोजू द्या. मास्क लावला की ‘एक, दोन, तीन’ दहापर्यंत, मोठ्याने, भावाचा हात धरून. आणि महिन्यातून एकदा स्पेसर धुवायचा तोही तिच्याकडेच : साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा, काढायचा, कापडाने अजिबात पुसायचा नाही, नाहीतर स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटतं. तसाच निथळत ठेवायचा. हे कारणासकट सांगा. पुढच्या वेळी तुम्ही पुसायला गेलात तर तीच तुम्हाला अडवेल.